माळावर पांढरं काय होतं

नव्वदच्या दशकाच्या मध्याला कधीतरी, मे महिना संपत आलेला असताना, नगरजवळच्या भिंगारच्या मागच्या माळावर मी एक पक्षी पाहिला. निदान माझी तरी अशी समजूत आहे. आम्ही चौघे होतो आणि चौघांनीही त्याच दिशेला पाहिलं होतं, पण त्या सकाळबद्दल चौघांना विचारलं तर चार निराळ्या हकिगती ऐकायला मिळतात. त्यातली माझी ही.

मी तेव्हा भिंगारच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. वनस्पतिशास्त्राची पदवी होती, पण ती सगळी पुस्तकातली. फळ्यावर फुलाचे भाग काढून दाखवायचे आणि रस्त्याकडेच्या झाडाचं नाव कुणी विचारलं तर गप्प बसायचं, अशी माझी गत. एकदा सातवीतल्या एका मुलीने लांबलचक, वाकडी, वाळलेली शेंग आणली आणि हे काय म्हणून विचारलं. मला येईना. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, जुन्या बाजाराच्या मागे एक गृहस्थ राहतात, त्यांना दाखवा.

ते गृहस्थ म्हणजे काका. लष्कराच्या डेपोत आराखडे काढायची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. शेंग त्यांनी हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "मेडशिंगी. मेंढ्याच्या शिंगासारखी दिसते की नाही? रविवारी चल, झाडच दाखवतो."

घरी सांगितलं तेव्हा वडील एकदम सावरून बसले. ते त्याच डेपोत मजूर होते आणि काकांना कायम साहेब म्हणत आले होते. "साहेबांबरोबर जाणार असशील तर जा," एवढंच ते म्हणाले. आईला मात्र ते पटलं नाही. आजीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात मुलांनी शिकायचं, हे एवढं एकच पक्कं ठरलेलं होतं. "तुझी आजी जन्मभर त्या माळावर काट्याकुट्या वेचत फिरली," आई म्हणाली. "तिथून सुटावं म्हणून तर शिकवलं तुला. आता तू आपणहून उन्हात जाणार, ते पण सुट्टीच्या दिवशी?" तरी मी गेले, आणि जात राहिले.

आमच्या मंडळाला नाव नव्हतं. काका होते, औषधांच्या दुकानाचे मालक होते, वीज मंडळातला एक वायरमन होता आणि मी. औषधवाल्यांकडे गटातली एकुलती एक दुर्बीण होती. ते फार बोलके. दुकानात आलेल्या माणसाला खोकल्याच्या बाटलीबरोबर कालच्या घुबडाची हकिगतही मिळायची. वायरमन नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचा. लाईनी तपासत फिरताना खांबावरची घरटी बघून त्याला नाद लागला होता. मी त्याला दादा म्हणायची आणि तो मला बाई, शाळेतल्या बाई या अर्थाने. बोलायचा थोडं.

पाखराचं नाव सांगायचं काम काकांचं. ते त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं, आम्हीच देऊन टाकलं होतं. काहीतरी हललं की आम्ही तिघे आधी तिकडे बघायचो आणि मग काकांच्या तोंडाकडे. ते म्हणाले चंडोल की चंडोल. पुस्तक उघडून खात्री करावी, असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

त्या रविवारी उजाडताच निघालो. मी माझ्या लूनावर, काका औषधवाल्यांच्या स्कूटरवर मागे, आणि वायरमन सायकलवर. माळ म्हणजे मैलोगणती पिवळं, खुरटं गवत, मधे मधे हिवर आणि बाभळी. मे महिन्याच्या शेवटी तिथे काही जिवंत असेल असं लांबून वाटत नाही. जवळ गेलं की मग एकेक दिसायला लागतं. मेडशिंगीखाली रात्रीतून गळालेल्या पांढऱ्या फुलांचा सडा होता. नेपतीच्या काटेरी जाळीला लालभडक फळं धरली होती आणि बुलबुलांची त्यावर झोंबाझोंबी चालली होती. पाझर तलावाचा तळ भेगाळला होता, फक्त मधोमध म्हशी डुंबतील एवढं पाणी शिल्लक होतं. तिथे आम्ही बांधाच्या आडोशाला बसलो.

"आल्या," काका म्हणाले. आम्हाला काही दिसत नव्हतं. मग आभाळातून घोगरा आवाज ऐकू आला आणि पखुर्ड्यांचा थवा पाण्यावर उतरला. मातीच्याच रंगाचे ते पक्षी घाईघाईने चार घोट प्यायले आणि उडून गेले. काका समाधानाने हसत होते. मला तेव्हा त्यांचा कान किती तयार आहे, याचंच कौतुक वाटलं.

ऊन चढलं. परत फिरायचं ठरलं, तेवढ्यात वायरमन थांबला. समोर लांबवर, माळ जिथे थोडा उंचावतो तिथे, काहीतरी पांढरं होतं. जमीन तापल्यामुळे हवा थरथरत होती आणि त्या थरथरीत ते पांढरं कधी लांबुळकं व्हायचं, कधी तुटून दोन व्हायचं.

"काय हाय ते?" वायरमन म्हणाला.

"मेंढरू असेल," औषधवाले म्हणाले आणि दुर्बीण डोळ्याला लावून बराच वेळ गप्प राहिले. ते गप्प राहिले हेच नवल होतं. मग त्यांनी दुर्बीण काकांना दिली. काकांनी ती लावली, फिरवली, पुन्हा फिरवली.

आणि माझ्या आठवणीप्रमाणे तेव्हा काका म्हणाले, "माळढोक."

हा शब्द ऐकल्यावर आमचं काय झालं, ते आजच्या माणसाला सांगणं अवघड आहे. माळढोक म्हणजे माळावरचा सगळ्यात मोठा पक्षी, उभा राहिला तर लहान मुलाच्या खांद्याला लागेल एवढा. कर्जतच्या बाजूला तो अजून दिसतो, असं लोक सांगायचे. पण भिंगारच्या माळावर तो कुणी पाहिल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. काकांनीही नाही.

मग दुर्बीण माझ्याकडे आली. मला दिसलं ते असं: एक उंच पांढरी मान, वर काळसर टोपीसारखं काहीतरी, खाली तपकिरी अंग. मान सावकाश एकदा डावीकडे वळली. मग घामाने काच धुरकट झाली. पदराने पुसून पुन्हा लावली, तेव्हा तिथे काही नव्हतं. उडालेलंही कुणी पाहिलं नाही.

आम्ही चालत तिकडे गेलो. लांबून उंचवटा वाटत होता तिथे पोचल्यावर जमीन सपाटच निघाली, त्यामुळे आपण नेमक्या जागी आलोय की नाही, यावरूनच वाद झाला. कोरड्या ओहोळाच्या मऊ धुळीत वायरमनला तीन बोटांचे ठसे सापडले. वाऱ्याने कडा पुसट झाल्या होत्या.

"मोर आसंल," तो म्हणाला.

"मोराला मागचं बोट असतं, याला नाही," औषधवाले म्हणाले. "काका, बघा बरं."

काका वाकले. धुळीवरून त्यांनी इतक्या जवळून हात फिरवला की एक ठसा मोडलाच. "तोच आहे," ते म्हणाले. मला खूप आनंद झाला आणि थोडं विचित्रही वाटलं, कारण काका कधी ठसा मोडत नसत. पण आनंद मोठा होता, म्हणून विचित्रपणाकडे मी फारसं लक्ष दिलं नाही.

औषधवाल्यांच्या पोटात ही गोष्ट राहणं शक्यच नव्हतं. त्यांच्या एका गिऱ्हाईकाची एका स्थानिक वर्तमानपत्रात ओळख होती. आठवडाभरात तिथे चार ओळींची बातमी आली, भिंगारच्या माळावर माळढोक दिसल्याची. शाळेतल्या शिपायापासून आमच्या शेजारणीपर्यंत सगळे मला विचारायला लागले. वडिलांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. आईने बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय असतं ते? खातात का?"

पण त्याच आठवड्यात मला काकांची काळजी वाटायला लागली. एका संध्याकाळी मी आणि वायरमन काकांबरोबर त्यांच्या घराबाहेर उभे होतो. समोरच्या तारेकडे बोट करून काका म्हणाले, "शिक्रा. केव्हाचा बसलाय." तारेवर फाटक्या पतंगाचा कागद लोंबकळत होता. वायरमन हसला, म्हणाला, "काका चेष्टा करत्यात." मग काका हसत नाहीत हे बघून त्याने पुन्हा तारेकडे पाहिलं. आम्ही आत गेलो तेव्हा काकू चहा ओतत होत्या. काकांनी कप घ्यायला हात पुढे केला तो कपाच्या बाजूला. काकूंनी कप अलगद सरकवून त्यांच्या हातात दिला, जणू रोजचंच होतं. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

परत येताना वायरमन सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होता. "बाई, एक इचारू का?" तो म्हणाला. "काकांचं डोस्कं तर न्हाई ना चाललं?"

"असं का म्हणता?"

"माझ्या चुलत्याचं असंच झाल्तं. आधी नावं चुकायची. मग मानसं वळखू येईनात. मग एक दिवस घरातनं निघाला तो घावलाच न्हाई."

मी म्हटलं, तसं नसेल. पण घरी जाऊन रात्री जेवताना माझ्या डोक्यात तेच. काकांचं डोकं चाललं असेल तर तो माळढोक काय होता? आणि तो नव्हताच, तर मला मान वळताना दिसली ती कुणाची? काका म्हणाले म्हणून मला दिसली का? मी विज्ञानाची शिक्षिका होते. मुलींना सांगायची, आधी निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा. आणि इथे आधी काय झालं आणि मग काय झालं, हेच मला सांगता येईना.

अशात औषधवाले आनंदाने सांगत आले की पुण्याहून दोघे जण येत आहेत. एक प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी. माळरानावरच्या पक्ष्यांवर त्यांचं काम चाललं होतं, बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि काकांनी स्वतः जागा दाखवावी अशी त्यांची इच्छा होती.

"काकांना जमेल का?" मी विचारलं.

"न जमायला काय झालं? डोळे मिटून जातील ते माळावर."

पाहुणे रविवारी पहाटेच्या गाडीने आले. प्राध्यापक चाळिशीचे, मृदू बोलणारे. मुलगी माझ्याहून थोडी लहान, तिच्या गळ्यात मोठा कॅमेरा. काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. त्यांनी प्राध्यापकांना माळाची इतकी सुरेख माहिती दिली, कुठल्या महिन्यात कुठलं गवत, कुठल्या गवतात कुठला पक्षी, की माझी काळजी मलाच खोटी वाटायला लागली. डोकं गेलेला माणूस असा बोलत नाही.

तलावापाशी गाड्या लावल्या आणि काका पुढे निघाले. उजवीकडे वळायचं होतं तिथे ते सरळ गेले. मी वायरमनकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. औषधवाले प्राध्यापकांना घुबडाची हकिगत सांगण्यात गुंतले होते. मी भरभर चालत काकांना गाठलं.

"काका, आपल्याला त्या मोठ्या हिवरापासून वळायचं होतं ना?"

"हो. तो अजून यायचाय."

तो मागे राहिला होता. माळावरचं सगळ्यात मोठं झाड. काका त्याच्या जवळून गेले होते. पाहुण्यांसमोर त्यांना थांबवायचं तर कसं? आणि माझंच चुकत असेल तर? ते इतक्या विश्वासाने चालत होते की मी वळून पुन्हा खात्री केली, हिवर मागेच होता ना. होता. थोड्या वेळाने काकांनी माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच विचारलं, "ऊन आपल्या पाठीवर आहे ना गं?"

ऊन आमच्या डाव्या अंगाला होतं. ते मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चालत राहिले, पण माझा कोपर सोडला नाही.

पुढे चुना मारलेल्या दगडांची ओळ लागली. पलीकडे लष्कराच्या चांदमारीची, गोळीबाराच्या सरावाची हद्द. तिकडे कुणी जात नसे, आणि आम्हाला पहिल्याच दिवशी ही ओळ दाखवून इथून पुढे पाऊल टाकायचं नाही, असं बजावणारे काकाच होते. आता त्यांचा पाय एका दगडाला अडखळला. ते थबकले. "हे काय आलं मधे?" ते म्हणाले.

औषधवाल्यांची हकिगतसुद्धा थांबली.

तेवढ्यात ती मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "हलू नका." ती काकांच्या पायांकडे बघत होती. मी खाली पाहिलं. काकांच्या चपलेच्या पुढे, खड्यांमधे, एक पिल्लू जमिनीला चिकटून बसलं होतं. खड्यांच्याच रंगाचं, अंगावर ठिपके, डोळे उघडे. धाविक नावाच्या माळावरच्या पाखराचं पिल्लू. आई थोड्या अंतरावर उंच पायांवर पळत होती, थांबत होती, पुन्हा पळत होती.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

"पिल्लू आहे काका. तुमच्या पायाशी."

"कुठे?" ते खाली बघत होते. नेमके त्याच्याकडेच बघत होते. "कुठे आहे?" आणि त्यांनी पाय उचलला.

मी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. जरा जोरातच ओढलं असणार, कारण ते माझ्यावर आदळले आणि आम्ही दोघेही पडता पडता वाचलो. पिल्लू हललंही नाही. मुलीने दोन फोटो काढले आणि सगळे मागे सरलो. धाविकाची मादी पिल्लापाशी परत येईपर्यंत आम्ही एका बाभळीखाली उभे राहिलो.

तिथे प्राध्यापकांनी काकांना अगदी साधेपणाने विचारलं, "काका, डोळे कधी तपासलेत?"

काका चष्मा काढून पुसायला लागले. "धूळ फार असते या दिवसांत," ते म्हणाले.

"उन्हात सगळं पांढरं होतं का? आणि ढग आले की बरं दिसतं?"

काका पुसत राहिले. मग म्हणाले, "हो." आणि थोड्या वेळाने, कुणाकडेच न बघता, "मला वाटलं होतं, डोकं चाललंय. माझ्या वडिलांचं तसं झालं होतं. म्हणून बोललो नाही."

"माझ्या आईला मोतीबिंदू होता," प्राध्यापक म्हणाले. "ती देवघरातल्या समईशी बोलायची, सून समजून."

वायरमन हसला आणि या वेळी काकाही हसले. मला मात्र हसू येईना, रडूही येईना. हायसं वाटलं होतं खरं. पण इतके महिने दर रविवारी या माणसाच्या तोंडाकडे बघत होतो आम्ही, आणि चष्म्याच्या आतली ती दुधाळ बुबुळं कुणाच्याच नजरेला आली नव्हती.

पाहुण्यांना माळढोक काही दिसला नाही. आम्ही त्यांना खऱ्या जागी नेलं, तिथे तासभर थांबलो. ठसे केव्हाच गेले होते. प्राध्यापकांनी मला बारकाईने विचारलं, मान किती उंच, टोपी किती काळी. मी सांगत गेले तसतशी माझीच खात्री कमी होत गेली. ते म्हणाले, पांढऱ्या मानेचा करकोचाही लांबून असाच दिसतो. पांढरं गिधाड बसलं तरी फसवतं. "पण माळढोक नव्हताच, असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. जाताना ते धाविकाच्या पिल्लावर खूश होते.

काकांची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नगरला झाली, एक आधी आणि दुसरं काही आठवड्यांनी. औषधवाल्यांनी थेंबांच्या बाटल्या दुकानातून पुरवल्या. श्रावणात काका पहिल्यांदा माळावर आले तेव्हा डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता. माळ हिरवागार होता, गवत पोटरीपर्यंत आलेलं. काका दर चार पावलांवर थांबायचे. नीलपंख तारेवरून उडाला तेव्हा पंखांचा तो निळा रंग बघून म्हणाले, "हा इतका निळा होता का? का मीच विसरलो?" एका गवतफुलापाशी ते मांडी घालून बसले आणि उठेनात. काकू त्या दिवशी आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "आता घरातली सगळी जळमटं दिसायला लागलीत त्यांना. रोज ऐकून घेते."

परतताना आम्ही औषधवाल्यांच्या दुकानात चहाला बसलो आणि मी सहज म्हटलं, "काका, आता तुम्हाला तो माळढोक नीट दिसला असता."

काका म्हणाले, "कुठला माळढोक?"

मी म्हटलं, "तुम्ही पाहिलात तो. तुम्हीच नाही का म्हणालात?"

"मी नाही म्हणालो. मला त्या दिवशी दुर्बिणीतून दुधासारखं पांढरं दिसत होतं फक्त, सगळीकडे. तू म्हणालीस माळढोक. तुझा आवाज असा होता की मला वाटलं, पोरीला दिसलाय नक्की. म्हणून मी हो म्हटलं."

मी औषधवाल्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "छे, छे. नाव तर वायरमनने घेतलं. त्याच्या कर्जतकडे असतात ना, म्हणून मी लगेच विश्वास ठेवला."

"म्या?" वायरमन म्हणाला. "म्या म्हन्लो, काय हाय ते. बास. तवा तुमी दुर्बिनीतनं बघून म्हन्ला माळढोक, आन् मग काकांकडं दिली."

"मी मेंढरू म्हणालो होतो."

"ते आदी. मंग गप झाला. मंग म्हन्ला."

आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. कुणी खोटं बोलत नव्हतं, ते चेहऱ्यांवरून दिसत होतं. प्रत्येकाने दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर तो पक्षी मान्य केला होता. मला अजूनही काकांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, तो एकच शब्द, जरा खालच्या पट्टीतला. पण काकांनाही माझा आवाज तितकाच स्पष्ट ऐकू येत होता.

"पण मला मान दिसली," मी म्हटलं. "ती वळली डावीकडे."

"मग दिसली असेल," काका म्हणाले. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे रोखून पाहिलं. त्या भिंगांमागे त्यांचे डोळे भलतेच मोठे दिसत. "तू एकटीनेच पाहिलाय तो. आता आम्हाला काय विचारतेस?"

ते मला धीर देण्यासाठी म्हणाले असावेत. मला उलट एकटं वाटलं. इतके दिवस तो आम्हा चौघांचा पक्षी होता, बातमीतला, वडिलांच्या खिशातला. आता त्याचा सगळा भार माझ्या एकटीच्या डोळ्यांवर आला, आणि माझ्या डोळ्यांना त्या दिवशी घाम, धुरकट झालेली काच आणि थरथरती हवा एवढंच साक्षीला होतं. वर्तमानपत्राला काही कळवावं का, असं औषधवाल्यांनी विचारलं. काय कळवायचं, ते कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून राहून गेलं.

त्यानंतर मंडळात एक नियम आला. काकांनीच आणला. काहीही दिसलं तरी चौघांनी पाहून होईपर्यंत नाव कुणी घ्यायचं नाही. मग एकेकाने सांगायचं, आणि काका सगळ्यात शेवटी. सुरुवातीला फार गोंधळ व्हायचा. एकाच पक्ष्याला मी चंडोल म्हणायची, औषधवाले तीरचिमणी, वायरमन म्हणायचा, "बारकं पाखरू हाय, एवढंच सांगतो." आधी कसं सगळं सोपं होतं. काका म्हणत आणि ते असे. आता माळावरून परत येताना निम्मी पाखरं बिननावाची राहायची. औषधवाले वैतागायचे, गिऱ्हाईकाला सांगायला काही उरत नाही म्हणायचे. काका मात्र मजेत असत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी आईलाही एकदा माळावर नेलं. ती लहान असताना आजीबरोबर तिथे जळण वेचायला यायची, हे तिने मला आदल्या दिवशीपर्यंत सांगितलं नव्हतं. ऊन चढल्यावर आम्ही दोघी मेडशिंगीखाली बसलो. समोर माळ थरथरत होता. मी तिला त्या पांढऱ्याबद्दल सगळं सांगितलं, मान, टोपी, वळणं. तिने ऐकून घेतलं.

"आम्हाला दिसायचे तसे मोठे पक्षी," ती म्हणाली. "किंवा तुझी आजी सांगायची, म्हणून मला दिसल्यासारखे वाटतात. आता काय ते कळत नाही बाई." मग तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि उंचवट्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले.